पंधरांत आपला कोण?

माझा आतेभाऊ 2008 मध्ये नोकरीनिमित्त डब्लिनला गेला. तेव्हा रग्बी म्हणजे लांबट चेंडू काखेत मारून चिखलात पळायचा खेळ, एवढंच त्याला ठाऊक होतं. पुढच्या वर्षी डिसेंबरात सुट्टीवर आला, तर जेवणाच्या टेबलावर मीठदाणी, मिरपूड, लोणच्याची बरणी आणि घरातले यच्चयावत चमचे मांडून त्याने आम्हाला आयर्लंडचा संघ समजावून सांगितला. मीठदाणी म्हणजे रोनन ओगारा आणि मिरपूड म्हणजे जॉनी सेक्स्टन. जागा एकच, दहा नंबरची. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये त्याच्यासमोर बसणारा सहकारी लिमरिकचा, म्हणजे मन्स्टर प्रांतातला. ओगाराही मन्स्टरचा. सेक्स्टन डब्लिनचा, लेन्स्टरचा. आतेभावाने मिरपूड दहा नंबरच्या जागी सरकवली की तो सहकारी एक शब्द न बोलता ती उचलायचा आणि तिथे मीठदाणी ठेवायचा. आठवडाभर हेच चालायचं. शनिवारी सामना झाला की दोघं एकत्र बिअर प्यायचे आणि सोमवारी पुन्हा मिठाची जागा बदलायची.

तो नोव्हेंबर खरोखरच तसा होता. सेक्स्टनने फिजीविरुद्ध पदार्पण केलं आणि आठवड्याभरात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तोच पुन्हा दहा नंबरवर उतरला. आयर्लंडने तो सामना 15-10 जिंकला आणि पंधराच्या पंधरा गुण सेक्स्टनच्या बुटातून आले. त्याच वर्षी मे महिन्यात क्रोक पार्कवर लेन्स्टर आणि मन्स्टर आमनेसामने होते, तेव्हा लेन्स्टरने समोरच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय केल्यावर जमिनीवर पडलेल्या ओगाराच्या अंगावर वाकून ओरडणारा सेक्स्टन सगळ्या आयर्लंडने पाहिला होता. त्यामुळे मीठ की मिरपूड हा प्रश्न कोण चांगलं खेळतो एवढ्यापुरता राहिलेला नव्हता.

तेव्हापासून मी या वादांकडे लक्ष ठेवून आहे. आंतरराष्ट्रीय सामना बहुधा शनिवारी असतो आणि संघ दोन-तीन दिवस आधी जाहीर होतो. ती यादी आली की वेल्सच्या दरीखोऱ्यांतल्या क्लबांत, न्यूझीलंडच्या गावांत, जोहान्सबर्गच्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते: याला का घेतलं, त्याला का नाही. संघनिवडीवर वाद घालणं आपल्याला नवं नाही, क्रिकेटने ते आपल्या रक्तातच भिनवलं आहे. पण रग्बीतला वाद जरा वेगळा आहे, आणि तो वेगळेपणा कळायला थोडं त्या खेळाच्या आत जावं लागतं.

क्रिकेटमध्ये सहाव्या क्रमांकाचा फलंदाज चौथ्यावर पाठवता येतो. रग्बीत पंधरा नंबर म्हणजे जवळजवळ पंधरा निरनिराळे धंदे. एक, दोन आणि तीन नंबरचे खेळाडू स्क्रमच्या, म्हणजे आठ-आठ जणांच्या रेटारेटीच्या, पहिल्या रांगेत मान घालतात. मधला हुकर, दोन्ही बाजूंना प्रॉप. त्यातही डावा प्रॉप उजवीकडे उभा केला तर चालतोच असं नाही. चार-पाच नंबर उंच, लाइनआउटमध्ये, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत फेकला जातो तेव्हा, तो झेलणारे. सहा, सात, आठ धावून चेंडू हिसकावणारे. नऊ नंबर चेंडू बाहेर काढतो आणि दहा नंबर ठरवतो की आता किक मारायची, पास द्यायचा की स्वतः घुसायचं. त्यापुढे पंधरापर्यंत पळणारे. म्हणून ‘देशातले सर्वोत्तम पंधरा’ ही यादी आणि ‘शनिवारी जिंकून देतील असे पंधरा’ ही यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक बहुतेक वेळा पहिली यादी करतात. प्रशिक्षकाला दुसरी करावी लागते.

आणि लोक भांडतात ते दहा नंबरवरून, कारण तो दिसतो. तीन नंबरचा प्रॉप काय करतो ते स्टेडियममधल्या बहुतेकांना दिसत नाही, दूरदर्शनवर तर अजिबात नाही. 2019 च्या विश्वचषकात इंग्लंडमध्ये चर्चा एकच होती, जॉर्ज फोर्डला दहावर खेळवून ओवेन फॅरेलला बारावर न्यायचं, की फॅरेललाच दहावर ठेवायचं. अंतिम सामन्यात दोघंही मैदानात होते. पण तिसऱ्याच मिनिटाला तीन नंबरचा काइल सिंकलर स्वतःच्याच सहकाऱ्याचा हात लागून बेशुद्ध पडला. डॅन कोल बदली आला आणि त्याला उरलेली जवळजवळ सत्त्याहत्तर मिनिटं दक्षिण आफ्रिकेच्या स्क्रमखाली काढावी लागली. ज्या जागेबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता तिथेच सामना फिरला. दक्षिण आफ्रिका 32, इंग्लंड 12.

या वादाचं मूळ शोधायला गेलं तर ते खेळाच्या जन्मापाशीच सापडतं. 1870 मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड असे फुटबॉलचे सामने झाले. स्कॉटलंडचा म्हणून जो संघ उतरला त्यात बहुतेक लंडनमध्ये राहणारे, स्कॉटलंडशी लांबचा संबंध असलेले लोक होते. मार्चमधल्या सामन्यात तर ब्रिटनच्या पंतप्रधानांचा, ग्लॅडस्टन यांचा मुलगा स्कॉटलंडकडून खेळला. हे पाहून स्कॉटलंडमधल्या पाच क्लबांच्या कर्णधारांनी डिसेंबरमध्ये वृत्तपत्रांत जाहीर आव्हान दिलं: या आमच्याकडे, वीस-वीस जणांचा सामना रग्बीच्या नियमांनी खेळू. 27 मार्च 1871 रोजी एडिनबराच्या रेबर्न प्लेसवर तो झाला आणि स्कॉटलंडने जिंकला. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना झाला तो एका संघनिवडीवरच्या तक्रारीतून, ‘हा संघ आमचा नाही’ या तक्रारीतून. याच दोन देशांत दरवर्षी ज्या करंडकासाठी लढत होते तो कलकत्ता कपही आपल्या ओळखीचा आहे. कलकत्ता फुटबॉल क्लब बंद पडला तेव्हा खात्यातले चांदीचे 270 रुपये काढून, वितळवून तो घडवला. त्याला नागाच्या आकाराच्या तीन मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. 1879 पासून तो खेळला जातो.

इतक्या वर्षांचे वाद वाचल्यावर, पाहिल्यावर माझं एक मत झालं आहे. हे वाद दोन जातींचे असतात. एक, ‘या सामन्याला कोण चालेल’ हा. दुसरा, ‘आपला कोण’ हा. पहिल्या प्रश्नात बहुतेकदा निवडणारे बरोबर ठरले. दुसऱ्यात लोक बरोबर ठरले, आणि ते मान्य करायला मंडळांना कधी कधी ऐंशी वर्षं लागली. गडबड होते ती एक प्रश्न दुसऱ्याचे कपडे घालून येतो तेव्हा.

आधी पहिल्या जातीचे पाहू. आयर्लंडमध्ये सेक्स्टन-ओगाराच्या तीस वर्षं आधी टोनी वॉर्ड आणि ऑली कॅम्पबेल यांचा वाद झाला, आणि आयरिश लोक आजही त्याच्याच मापाने प्रत्येक नवा वाद मोजतात. वॉर्ड देखणा, लाडका, युरोपातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवलेला. 1979 च्या उन्हाळ्यात संघ ऑस्ट्रेलियाला गेला आणि पहिल्या टेस्टच्या संघातून वॉर्डला वगळलं. त्याच्या जागी कॅम्पबेल आला, ज्याच्या नावावर तोवर एक आंतरराष्ट्रीय सामना होता. आयर्लंडमध्ये लोकांना ती बातमी छपाईची चूक वाटली असेल. ब्रिस्बेनमध्ये कॅम्पबेलने 19 गुण केले, आयर्लंडने सामना 27-12 ने घेतला आणि सिडनीतला दुसराही 9-3 ने. निवड समिती बरोबर होती, याला यापेक्षा वेगळा पुरावा लागत नाही. तरी वाद थांबला नाही. पुढच्या वर्षी ब्रिटिश अँड आयरिश लायन्स, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांचा एकत्रित संघ, दक्षिण आफ्रिकेत असताना कॅम्पबेल दुखावला. वॉर्डला बोलावलं आणि केपटाऊनच्या पहिल्या टेस्टमध्ये त्याने 18 गुण केले. लायन्स हरले, पण वॉर्डच्या बाजूच्यांना पुन्हा वर्षभराचा दारूगोळा मिळाला. 1982 मध्ये लॅन्सडाऊन रोडवर कॅम्पबेलने स्कॉटलंडविरुद्ध आयर्लंडचे सगळे 21 गुण एकट्याने केले आणि 1949 नंतर पहिल्यांदा ट्रिपल क्राउन, म्हणजे एकाच मोसमात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या तिघांवर विजय, पदरात आला. तेव्हा कुठे आवाज जरा खाली आला.

2013 च्या जुलैत ऑस्ट्रेलियात लायन्सची मालिका 1-1 अशी अडली होती. तिसऱ्या टेस्टच्या तीन दिवस आधी लायन्सचे प्रशिक्षक वॉरन गॅटलंड यांनी संघ जाहीर केला आणि ब्रायन ओड्रिस्कॉल पंधरांत सोडाच, राखीव धरून तेविसांतही नव्हता. आयर्लंडच्या दृष्टीने हे देव्हाऱ्यातून मूर्ती उचलल्यासारखं होतं. त्यातून गॅटलंड एरवी वेल्सचे प्रशिक्षक, आणि संघातले पंधरापैकी दहा जण वेल्सचे. लोकांनी दोन अधिक दोन केलं. शनिवारी सिडनीत लायन्स 41-16 ने जिंकले, 1997 नंतरची पहिली मालिका. मला तेव्हा राग आला होता, आज वाटतं की जोनाथन डेव्हिस आणि जेमी रॉबर्ट्स ही जोडी वेल्सकडून नेहमी एकत्र खेळणारी होती आणि त्या रात्री जोडीचं काम होतं. ओड्रिस्कॉलच्या मोठेपणाला त्याने धक्का लागत नाही. पण आयर्लंडमध्ये हे अजून बोलून दाखवायची सोय नाही, आतेभावाने मला तसं बजावलं आहे.

अर्थात निवडणारे दरवेळी बरोबर नसतात. वेल्समध्ये अनेक दशकं ‘बिग फाइव्ह’ नावाची पाच जणांची निवड समिती होती. कोणता निवडकर्ता कोणत्या भागातला, हे प्रत्येक चाहत्याला पाठ. पूर्वेकडच्या कार्डिफ-न्यूपोर्टचे, पश्चिमेकडच्या स्वॉन्सी-लानेथलीचे, मधल्या कोळशाच्या खोऱ्यांतले. मोसमाआधी ‘प्रॉबेबल्स’ विरुद्ध ‘पॉसिबल्स’ असा जाहीर चाचणी सामना व्हायचा आणि लोक तिकीट काढून निवडीचा पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. त्या समितीने 1976 मध्ये लानेथलीच्या फिल बेनेटला दहा नंबरच्या रांगेत तिसरा ठेवलं. जॉन बेव्हन आणि डेव्हिड रिचर्ड्स हे दोघं दुखावले म्हणून बेनेट परत आला. त्या मोसमात वेल्सने स्पर्धेतले सगळे सामने जिंकून ग्रँड स्लॅम घेतला आणि पुढच्याच वर्षी बेनेट लायन्सचा कर्णधार होता. पश्चिम वेल्सने ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, आणि का सांगू नये? तिथे लोक बरोबर होते.

2015 चा इंग्लंडचा विश्वचषकही तसाच. रग्बी लीग या तेरा जणांच्या रग्बीतून आलेला सॅम बर्जेस युनियनमध्ये, म्हणजे पंधरांच्या या रग्बीत, वर्षभरही मुरला नव्हता. बाथ क्लबने त्याला बहुतांशी सहा नंबरवर खेळवलं, इंग्लंडने मात्र बारा नंबरवर. वेल्सविरुद्ध ट्विकनहॅमवर तो पहिल्यापासून उतरला, इंग्लंड 28-25 ने हरला आणि पुढे साखळीतच बाद झाला. मुख्य यजमान देश साखळीत बाद होण्याची ती पहिलीच वेळ. लोकांचा आक्षेप रास्त होता. पण नंतर सगळं खापर त्या मुलावर फुटलं ते रास्त नव्हतं. तो सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास बाहेर आला तेव्हा इंग्लंड सात गुणांनी पुढे होता. सामना निसटला तो त्यानंतर. नोव्हेंबरमध्ये तो लीगला परत गेला. निवड चुकली तर दोष निवडणाऱ्याचा, हे भान चाहत्यांनी ठेवायला हवं होतं.

अलीकडे सगळ्यात जास्त वाद पंधरांवरून नाही, बेंचवरून होतो. 1968 पर्यंत रग्बीत बदली खेळाडूच नव्हता. कोणी मोडला तर चौदांनी खेळायचं. मग जखमीला बदली मिळाली आणि 1996 पासून डावपेच म्हणूनही खेळाडू बदलता येऊ लागला. आज बेंचवर आठ जण असतात. त्यातले तीन पहिल्या रांगेचे ठेवावेच लागतात. उरलेल्या पाचांत किती धिप्पाड फॉरवर्ड आणि किती पळणारे बॅक, हा जुगार. पूर्वी आठांत पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक, म्हणजे पाच-तीन, ही वाटणी सर्वमान्य. दक्षिण आफ्रिकेने 2019 मध्ये सहा-दोन केली, पन्नासाव्या मिनिटाला ताज्या दमाचा जवळजवळ अख्खा स्क्रम आत सोडला आणि त्या बेंचला ‘बॉम्ब स्क्वॉड’ म्हणू लागले. 2023 मध्ये ते सात-एकवर गेले.

त्या 2023 च्या विश्वचषकावर थांबायला हवं, कारण निवडीच्या वादाचे सगळे रंग त्यात आहेत. दक्षिण आफ्रिकेचा भरवशाचा किकर हँड्रे पोलार्ड पोटरीच्या दुखापतीमुळे मूळ संघात नव्हता. दहा नंबर मॅनी लिबॉककडे. पास देखणे, खेळ मोकळा, पण स्थिर चेंडूवरची किक डळमळीत. 23 सप्टेंबरला पॅरिसमध्ये सात-एकचा बेंच घेऊन ते आयर्लंडविरुद्ध उतरले आणि 13-8 ने हरले. लिबॉक आणि फाफ डी क्लर्क यांनी मिळून 11 गुणांच्या किका हुकवल्या. सामान्य चाहता महिनाभर जे सांगत होता ते फळ्यावरच्या आकड्यांनी सिद्ध केलं. त्या सामन्याच्या काही दिवस आधीच सरावात हुकर माल्कम मार्क्सचा गुडघा गेला होता. त्याच्या जागी नियमाप्रमाणे एक माणूस घेता येत होता. हुकर घ्यावा, हे शेंबडं पोरही सांगेल. प्रशिक्षक रासी एरास्मस आणि जाक निनाबर यांनी पोलार्डला बोलावलं होतं. म्हणजे दोन नंबरच्या जागी दहा नंबर.

उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध पावसात लिबॉकला 31 व्या मिनिटालाच बाहेर काढलं. शेवटच्या काही मिनिटांत दक्षिण आफ्रिका 13-15 ने मागे होती. बेंचवरून आलेल्या ऑक्स न्चे या प्रॉपने स्क्रममध्ये समोरच्याला वाकवलं आणि पेनल्टी मिळाली. अंतर जवळजवळ 49 मीटर. ओला चेंडू. पोलार्डने तो मधोमध घातला, 16-15. अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध पुन्हा सात-एकचा बेंच. आणि दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच संघातला एकमेव खराखुरा हुकर बाँगी म्बोनाम्बी गुडघा धरून बाहेर गेला. मार्क्सच्या जागी हुकर न घेण्याची किंमत तिथेच समोर उभी राहिली. फ्लँकर, म्हणजे सहा-सात नंबर, म्हणून खेळणारा, पूर्वी कधी हुकर असलेला 37 वर्षांचा डिऑन फूरी उरलेला अख्खा सामना दोन नंबरवर खेळला. त्याचे लाइनआउटचे चेंडू चुकत होते, न्यूझीलंड ते पळवत होतं, आणि तो पुन्हा पुन्हा रेषेवर उभा राहून चेंडू पुसत होता. टीव्हीसमोर बसून मी त्याच्याकडेच पाहत होतो. पोलार्डने चार पेनल्ट्या घातल्या, संघाचे सगळे 12 गुण. न्यूझीलंड 11. एका गुणाने चषक.

आता सांगा, ती निवड बरोबर की चूक? आयर्लंडच्या सामन्याने लोकांना बरोबर ठरवलं. पोलार्डच्या बाबतीत प्रशिक्षकांनी लोकांचं ऐकलं, पण अशा पद्धतीने की हुकरविना राहण्याचा नवा धोका ओढवून घेतला. तो धोका खराही झाला. तरी जिंकले. मला वाटतं निर्णय बरोबर होता, कारण विश्वचषकाचे बाद सामने किकवर ठरतात हे त्यांनी मानलं आणि त्यासाठी दुसरीकडे फाटलं तरी चालेल हे आधीच ठरवलं. पाठीराख्याला यादीत फक्त नाव दिसतं. त्या नावासाठी दुसरीकडे काय सोडलं ते मैदानात उतरल्यावर दिसतं.

आता दुसरा प्रश्न, आपला कोण. इथे माझा आवाज वेगळा लागतो, आणि लागू दे.

न्यूझीलंडच्या सैनिकी संघाने 1919 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला. नॅथनियल विल्सन हा त्या काळातला नावाजलेला फॉरवर्ड; वडील वेस्ट इंडीजचे, आई इंग्लिश. आपल्या रणजितसिंहजींवरून त्याला सगळे ‘रणजी’ म्हणायचे. त्याला दौऱ्यातून वगळलं, कारण यजमानांना त्याचा रंग चालणार नव्हता. 1928 च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या वेळी माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूलनिवासी समाजातला, म्हणून जॉर्ज नेपिया घरी बसला, तो जॉर्ज नेपिया ज्याने 1924-25 च्या दौऱ्यात ब्रिटन वेडं केलं होतं. 1949 मध्ये पुन्हा एकही माओरी नाही. आणि प्रत्येक वेळी हे ‘निवड’ या नावाखाली झालं. 1960 मध्ये मात्र देश उठला. ‘माओरी नाहीत, तर दौरा नाही’ अशी घोषणा झाली, सभा झाल्या, मोर्चे निघाले, दीड लाखांहून जास्त लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. देशाची वस्ती तेव्हा पंचवीस लाखांच्या आसपास. सरकारने हस्तक्षेप केला नाही, दौरा गेला. पण ठिणगी विझली नाही. 1967 चा दौरा न्यूझीलंडने रद्द केला. 1970 मध्ये माओरी आणि सामोअन खेळाडू गेले ते ‘मानद गोरे’ म्हणून. केवढा अपमान या दोन शब्दांत! सिड गोइंग आणि ब्रायन विल्यम्स यांनी तो शिक्का घेऊन जो खेळ केला तो मात्र अस्सल होता. अखेर 2010 मध्ये दोन्ही देशांच्या रग्बी मंडळांनी वगळलेल्या माओरी खेळाडूंची जाहीर माफी मागितली. 1960 च्या रस्त्यावरची माणसं बरोबर होती. कोणता संघ जिंकेल याचं गणित त्यांनी मांडलंच नव्हतं.

दक्षिण आफ्रिकेतली गोष्ट तर आणखी खोल. वर्णभेदाच्या काळात स्टेडियमच्या एका कोपऱ्यात कोंडलेले काळे प्रेक्षक पाहुण्या संघाचा जयघोष करायचे. आपल्याच देशाचा पराभव व्हावा असं वाटायला लावणारी ती निवड होती. 1981 मध्ये एरोल टोबायस हा स्प्रिंगबॉक जर्सी घालणारा पहिला कृष्णवर्णीय. 1995 च्या विश्वविजेत्या संघात चेस्टर विल्यम्स एकटा. तोही जखमेमुळे आधी संघाबाहेर होता, कॅनडाविरुद्धच्या मारामारीनंतर पीटर हेंड्रिक्सवर बंदी आली म्हणून परतला आणि वेस्टर्न सामोआविरुद्ध चार ट्राय करून गेला. पुढे मंडळाने प्रमाणाचं लक्ष्य ठरवलं, 2019 पर्यंत निम्मे खेळाडू कृष्णवर्णीय. प्रत्येक संघ जाहीर झाला की ‘कोट्यातला’ हा शब्द कोणाच्या ना कोणाच्या नावापुढे चिकटायचाच. आरक्षणावरचे आपल्याकडचे वाद ज्यांनी ऐकले आहेत त्यांना त्या शब्दाची धार वेगळी सांगायला नको. 2019 च्या योकोहामातल्या अंतिम सामन्यात झ्वीडे वस्तीतून आलेला सिया कोलिसी कर्णधार होता, सुरुवातीच्या पंधरांत सहा कृष्णवर्णीय होते, आणि दोन्ही ट्राय माकाझोले मापिम्पी आणि चेस्लिन कोल्बे यांचे. कोल्बे तर फार लहानखुरा म्हणून घरी मागे पडला आणि फ्रान्समध्ये तुलूजला जाऊन मोठा झाला होता. जिंकल्यामुळे ते बरोबर ठरले असं मी म्हणणार नाही. हरले असते तरी ते बरोबरच असते.

‘आपला’ या शब्दाची कागदोपत्री बाजूही आहे, ती थोडक्यात सांगतो. आजी-आजोबा त्या देशातले असले तरी खेळता येतं. 2000 मध्ये वेल्सकडून खेळणाऱ्या शेन हॉवर्थ आणि ब्रेट सिंकिन्सन यांचे आजोबा मुळात वेल्सचे नव्हतेच असं निघालं आणि मोठा गहजब झाला. राहण्याची अट तीन वर्षांवरून पाच झाली. 2022 पासून तीन वर्षं थांबून देश बदलता येतो, त्यामुळे टोंगा आणि सामोआला स्वतःचीच मुलं परत मिळू लागली, हे फार चांगलं झालं. उलट परदेशी क्लबमध्ये खेळणाऱ्याला घ्यावं का, यावर प्रत्येक देशाचा नियम निराळा. न्यूझीलंड घेत नाही. ऑस्ट्रेलियाने 2015 मध्ये 60 टेस्ट खेळलेल्यांसाठी दार किलकिलं केलं. वेल्सनेही 60 सामन्यांची अट घातली होती. 2023 मध्ये खेळाडू इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी संपावर जायच्या बेतात आले तेव्हा ती 25 वर आली. पगार वेळेवर न देऊ शकणाऱ्या घराने मुलाला बाहेर कमावू नको म्हणावं, यात मला न्याय दिसत नाही.

भारताची गोष्ट काढावी तर मन जरा हलतं. आपला पुरुष संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना 1998 मध्ये खेळला, अभिनेता राहुल बोस त्यात होता. 2019 मध्ये मनिलात आपल्या मुलींनी सिंगापूरला 21-19 ने हरवलं, पंधरा जणींच्या खेळातला भारताचा पहिला विजय, ओडिशाच्या सुमित्रा नायकच्या शेवटच्या पेनल्टीवर. त्या काळात संघाचं नेतृत्व केलेली वाहबिझ भरुचा पुण्याची. त्या संघात कोणाला घेतलं आणि कोणाला वगळलं यावर पुण्यात एका तरी चहाच्या टपरीवर कोणी भांडलं का? त्यांच्या वाट्याला एवढं भांडण तरी यायला हवं होतं.

लायन्सचं ताजं प्रकरण अजून चघळलं जातं आहे. 2025 च्या मे महिन्यात प्रशिक्षक अँडी फॅरेल यांनी 38 जणांचा संघ जाहीर केला, त्यात वेल्सचे फक्त दोघं: जॅक मॉर्गन आणि टोमोस विल्यम्स. विल्यम्स दौऱ्यावर लवकरच दुखावला. मग इलियट डेलीचा हात मोडला, तेव्हा प्रशिक्षकाने स्वतःच्या मुलाला, ओवेन फॅरेलला बोलावलं. घराणेशाही हा शब्द इंग्रजीतही असतो. ब्रिस्बेनच्या पहिल्या टेस्टमध्ये तेविसांत वेल्सचा एकही माणूस नव्हता. 1896 नंतर पहिल्यांदाच. कार्डिफमध्ये लोकांनी टीव्हीवर दुसऱ्यांचा संघ जिंकताना पाहिला, 27-19.

मेलबर्नच्या दुसऱ्या टेस्टला बेंचवर मॉर्गन होता. नव्वद हजारांहून जास्त प्रेक्षक, ऑस्ट्रेलिया पुढे, शेवटचं मिनिट. चेंडू जमिनीवर होता आणि ऑस्ट्रेलियाचा कार्लो टिझानो त्यावर झडप घालायला वाकला. मॉर्गन धावत आला आणि त्याला खांद्याने बाजूला लोटलं. पुढच्या काही क्षणांत ह्यूगो कीननने ट्राय केला आणि लायन्स 29-26 ने जिंकले, मालिकाही तिथेच. ऑस्ट्रेलियाने मॉर्गनवर पेनल्टी हवी म्हणून आकांत केला. पंचांनी पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहून ट्राय दिला. रात्री डब्लिनहून आतेभावाचा फोन आला. कीनन लेन्स्टरचा, त्यामुळे स्वारी खूश. मी म्हटलं, आधी त्या वेल्सच्या मुलाबद्दल बोल. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “हो रे, पहिल्या टेस्टला याला बाहेर का ठेवला होता?”